हेडचं काम केल्यावर आलेली टकटक: नाव देण्याआधी ताल मोजा

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. वीस वर्षं जुनी, चार सिलिंडरची पेट्रोल गाडी. पाणी कमी होत होतं, गरमही व्हायची, म्हणून हेड (सिलिंडरवरचं जड झाकण) उतरवलं, फेसिंग करून घेतलं, म्हणजे त्याचा तळ घासून सपाट केला, हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) बदललं. हेड खाली आलंच आहे तर टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंपही नवे टाकले, ऑइल-फिल्टर बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या स्टार्टला टकटक ऐकू आली. रेस दिली की ती वेग घेते, दहा-पंधरा मिनिटांनी बरीचशी निवते. मेकॅनिक म्हणतो, जुनं इंजिन आहे, एवढं वाजायचंच. ओळखीचे एक जण म्हणतात, बेअरिंग गेलं, इंजिन कामाला काढा. तुम्ही विचारताय की यातलं खरं काय, आणि तोवर गाडी चालवू का.

चालवायचं की नाही हे आधी, कारण बाकीचं वाचेपर्यंत तुम्ही चावी फिरवलेली असेल. गाडी सपाटीवर उभी करा, बंद करून दहा मिनिटं थांबा आणि डिपस्टिक बघा. तेल दोन खुणांच्या मध्ये आहे, दुधाळ किंवा फेसाळ नाही, आवाज हलका आहे, वरच्या बाजूने येतोय आणि इंजिन तापल्यावर कमी होतोय, असं असेल तर जवळपासची कामं सावकाश करायला हरकत नाही. आवाज जड असेल, खालून येत असेल, आणि तापल्यावर कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर आज, आत्ता गाडी उभी करा. आणि एक गैरसमज काढून टाका: ऑइलचा लाल दिवा लागत नाही म्हणजे प्रेशर ठीक आहे, असं नसतं. बहुतेक गाड्यांत तो दिवा प्रेशर ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेल्यावरच लागतो. तोपर्यंत बेअरिंगचं व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

आता मूळ गोष्ट. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. आवाज कशाचा आहे हा एक. आणि तो दुरुस्तीमुळे आला की फक्त दुरुस्तीनंतर आला, हा दुसरा. भांडण नेहमी दुसऱ्यावरून होतं, म्हणून पहिल्याचं उत्तर शोधायचं राहूनच जातं.

दुरुस्तीनंतर आलेला प्रत्येक आवाज दुरुस्ती करणाऱ्याच्या माथी मारता येत नाही. हेड गॅस्केट गेलेलं असताना कूलंट तेलात उतरलं असेल, तर बेअरिंगचं नुकसान हेड उघडण्याआधीच झालेलं असतं. कूलंटमधलं ग्लायकॉल मिसळलेलं तेल बेअरिंगच्या पृष्ठभागावर तग धरत नाही. तेव्हा गाडी मिसिंग करत होती, पंखा सतत फिरत होता, त्या गोंधळात बारीक ठोका कोणाला ऐकू येणार? दुसरी गंमत तेलाची. आधीच्या कोणीतरी ‘जुन्या इंजिनाला जाड तेल बरं’ म्हणून २०डब्ल्यू-५० भरलेलं असतं. नवा मेकॅनिक पुस्तकात बघून ५डब्ल्यू-३० भरतो. शंभर अंश सेल्सिअसला ५० ग्रेडचं तेल ३० ग्रेडच्या जवळपास पावणेदोनपट जाड असतं. जाड तेलाने दाबून ठेवलेला आवाज पातळ तेलात उघडा पडतो, आणि योग्य काम करणारा माणूस शिव्या खातो.

उलट बाजूही खरी आहे. हेड आणि ब्लॉकवरचं जुनं गॅस्केट खरवडताना ग्राइंडरला खरखरीत बफ लावून घासलं, तर त्या बफचे कण तेलाच्या वाटांत शिरतात. ते कण पॉलिश पेपरसारखे बेअरिंग खातात. अशी गाडी वर्कशॉपमधून निघते तेव्हा गप्प असते आणि काही दिवसांनी खालून वाजायला लागते. तुमचा आवाज दुसऱ्याच दिवशी आला आणि तोही थंडपणी, त्यामुळे माझा पहिला संशय इथे नाही. तरी सपाट पृष्ठभाग कशाने साफ केला, हे विचारून ठेवा. उत्तर ‘प्लास्टिकची पट्टी आणि केमिकल’ असं आलं तर समाधान माना.

आता आवाजाकडे. लोक मला सांगतात, टकटक येतंय, खटखट येतंय, टिकटिक येतंय. तीस वर्षांत मला कळलंय की या शब्दांवर काडीचाही भरवसा ठेवता येत नाही. एकाची टकटक ती दुसऱ्याची खटखट. बॉनेट बंद असताना जे ‘धपधप’ वाटतं ते बॉनेट उघडल्यावर ‘टिकटिक’ होतं. म्हणून मी आवाज कसा आहे हे शेवटी विचारतो. आधी विचारतो: सेकंदाला किती वेळा? थंड असताना की गरम असताना? आणि कुठल्या भागाला हात लागला होता?

किती वेळा, हे का महत्त्वाचं ते सांगतो. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य शाफ्टच्या) दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमशाफ्टची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टची) एक होते. आयडलिंग ८०० आरपीएम धरलं तर क्रँक सेकंदाला साधारण १३ फेऱ्या मारतो आणि कॅम साडेसहाच्या आसपास. म्हणजे एका व्हॉल्व्हचा, एका टॅपेटचा (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला पोचवणारा भाग), एका प्लगमधून निसटणाऱ्या दाबाचा, एका सिलिंडरच्या एक्झॉस्ट गळतीचा आवाज सेकंदाला सहा-सात वेळा येणार. क्रँकच्या पुलीचा, फ्लायव्हीलचा (क्रँकच्या मागच्या टोकाचं जड चाक), आणि बहुतेकदा बिग एंड बेअरिंगचाही (पिस्टनचा रॉड क्रँकला जोडतो तिथलं), तेरा वेळा.

हे मोजायला यंत्र लागत नाही. आयडलिंगवर आवाज ऐकत बोटाने टेबलावर त्याच तालात ठोके द्यायचा प्रयत्न करा. सेकंदाला सहा-सात ठोके माणसाचं बोट जेमतेम देऊ शकतं. तेरा देऊ शकत नाही, बोट थरथरतं आणि मागे पडतं. बोट तालात राहिलं तर आवाज कॅमच्या गतीचा, म्हणजे अर्ध्या गतीचा. खात्री करायची असेल तर फोनवर दहा सेकंद रेकॉर्ड करा आणि निम्म्या वेगाने ऐकत मोजा. ज्याच्याकडे टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) आहे त्याने ती एका नंबरच्या प्लगच्या वायरला लावावी. एका चमकेला एक ठोका पडला तर अर्धी गती, दोन पडले तर क्रँकची गती. फक्त एक सावधगिरी: एका कॉइलवर दोन प्लग पेटवणाऱ्या सिस्टिममध्ये प्लग क्रँकच्या प्रत्येक फेरीला ठिणगी देतो, तिथे हे गणित उलटतं. आणि एकाच वेळी सगळे टॅपेट वाजत असतील तर ताल ऐकूच येत नाही, शिलाई मशीनसारखी सलग घरघर येते. तोही निकालच आहे, बिघाड एका जागी नसून सगळीकडे सारखा आहे, असा.

दुसरी कसोटी गरम-थंडची. ॲल्युमिनिअम तापल्यावर बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. त्यामुळे थंडपणी सैल असलेला पिस्टन बोअरमध्ये वाजतो आणि तापला की गप्प होतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (हेडमधला धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या बिडाच्या नळ्यांची) फटही तापून बंद होते. हायड्रॉलिक टॅपेट रात्री रिकामे झाले असतील तर तेल पोचल्यावर शांत होतात. म्हणजे थंडपणी वाजून नंतर निवणारे मुख्य आवाज हे तीन. बेअरिंगचं नेमकं उलट असतं. थंड जाड तेल बेअरिंगची मोकळी जागा भरून ठेवतं, तेल पातळ झालं की ठोका बाहेर येतो. तुमचा आवाज तापल्यावर कमी होतो. त्या ओळखीच्या गृहस्थांचं निदान एवढ्यावरच बरंच कमकुवत होतं. पूर्ण बाद म्हणत नाही, कारण ‘बरीचशी निवते’ म्हणजे उरलेलं काय, हे मी ऐकलेलं नाही.

तिसरी कसोटी, हात कुठे लागला होता. हेड उतरवायचं म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सोडवावा लागतो, प्लग काढले जातात, कॅम आणि टॅपेटला हात लागतो, टायमिंग कव्हर निघतं, क्रँक पुली निघते, बाहेरचा बेल्ट निघतो. गिअरबॉक्सला तुमच्या कामात हात लागलेला नाही. म्हणून फ्लायव्हीलचे किंवा फ्लेक्स प्लेटचे (ऑटोमॅटिक गाडीत फ्लायव्हीलच्या जागी असणारी पातळ चकती) बोल्ट ढिले असणं मी यादीत खाली ठेवेन. क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम झालेलं असतं तर ते पहिलं पाहिलं असतं, कारण तडकलेली फ्लेक्स प्लेट बेअरिंगचं इतकं हुबेहूब सोंग करते की चांगलेचांगले फसतात.

तुमच्या लक्षणांवर माझा पहिला संशय एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर आहे. वीस वर्षं तापून-निवून बिडाचा मॅनिफोल्ड वाकडा होऊन बसलेला असतो. जोवर बोल्ट आवळलेले असतात तोवर तो मुकाट्याने हेडला चिकटून राहतो. बोल्ट सोडले की तो मनासारखा वाकतो आणि परत बसवताना दोन टोकांना किंवा मध्ये फट राहते. त्यात जुनंच गॅस्केट वापरलं, किंवा गंजलेला एखादा स्टड तुटला आणि ‘बाकीचे आहेत की’ म्हणून तसाच ठेवला, की झालं. सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो, दाब त्या फटीतून फट्‌कन बाहेर पडतो, आणि तो धातूवर धातू आपटल्यासारखा ऐकू येतो. मी स्वतः ऐकून टॅपेट म्हणालोय, आणि चूक ठरलोय.

हे तपासायचं तर गाडी पूर्ण थंड हवी, रात्रभर उभी राहिलेली, आणि उघड्यावर हवी. एक माणूस स्टार्ट करेल, दुसरा जाड हातमोजा किंवा ओला फडका घेऊन सायलेन्सरचं तोंड दोन-तीन सेकंद बरंचसं दाबेल. आतला दाब वाढतो. गळती मॅनिफोल्डला असेल तर टकटक लगेच मोठी होते किंवा तिला फुस्स असा जोड मिळतो. टॅपेटला सायलेन्सरशी काही देणंघेणं नसतं, तो होता तसाच वाजतो. इंजिन निवल्यावर टॉर्च घेऊन मॅनिफोल्डच्या सांध्यावर बघा. गळतीच्या जागी काजळीचा काळा फराटा असतो, पिसाऱ्यासारखा बाहेरच्या दिशेने उमटलेला. तो दिसला की बाकी काही उघडायची गरज नाही. आणि ‘आवाजच आहे ना, राहू दे’ म्हणू नका. त्या फटीतून बाहेरची हवाही आत ओढली जाते, ऑक्सिजन सेन्सर फसतो आणि इंजिन गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ओततं. शिवाय गॅस केबिनपर्यंत येऊ शकतो.

प्लगचं काम दोन मिनिटांचं. घाईत हाताने फिरवून ठेवलेला प्लग आवळायचा राहून जातो. तो कॉम्प्रेशन सोडतो आणि टिकटिक करतो. इंजिन बंद असताना प्लगच्या खड्ड्यात दोन थेंब तेल सोडा, स्टार्ट केल्यावर बुडबुडे आले तर सापडला. १४ मिमी आट्यांचा प्लग ॲल्युमिनिअमच्या हेडमध्ये साधारण २० ते ३० न्यूटन-मीटरला बसतो. नक्की आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात बघा. जीव खाऊन आवळू नका, आटे हेडचे जातात.

मग टॅपेट. इथे दोन जाती आहेत आणि तुमच्या इंजिनात कुठली, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

हायड्रॉलिक असतील तर हेड टेबलावर पडलेलं असताना ते आडवे किंवा उलटे राहिले की तेल निथळून आत हवा शिरते. पहिल्या स्टार्टला असं इंजिन पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाजतं. मालक घाबरतो. दोन-अडीच हजार आरपीएमवर दहा-वीस मिनिटं चालवलं की हवा निघून जाते, क्वचित थोडी गाडी चालवावीही लागते. पण एकदा हवा निघाली की निघाली. रोज सकाळी पुन्हा वाजत असतील तर तेल रात्री खाली उतरतंय. त्यात पहिला बघायचा तो ऑइल फिल्टर. चांगल्या फिल्टरमध्ये रबराची एक झडप असते, ती इंजिन बंद झाल्यावर तेल अडवून धरते. ती नसलेला किंवा ढिसाळ फिल्टर लागला की रोज सकाळी दोन-तीन सेकंद कोरडं जातं. दोन-तीन सेकंद म्हणतोय, दहा-पंधरा मिनिटं नाही. एवढा वेळ वाजणं फिल्टरचं लक्षण नव्हे. एवढा वेळ वाजत असेल तर हेडपर्यंत तेलच कमी पोचतंय का, हे बघावं लागेल. सिलिकॉनचा जास्तीचा लेप तुटून तेलाच्या वाटेत अडकणं, किंवा गॅस्केट उलटं बसून तेलाचं भोक अर्धं झाकलं जाणं, या दोन्ही गोष्टी मी उघडून पाहिलेल्या आहेत.

साधे, स्क्रू किंवा शिमचे (पातळ चकतीचे) टॅपेट असतील तर गोष्ट वेगळी. व्हॉल्व्ह आणि सीट ग्राइंड केल्यावर व्हॉल्व्ह हेडमध्ये थोडा खोल बसतो, त्याचं दुसरं टोक वर येतं, आणि क्लिअरन्स, म्हणजे टॅपेटची मोकळी फट, कमी होतो. म्हणजे ग्राइंडिंगनंतर क्लिअरन्स पुन्हा लावावाच लागतो. तो इनलेटला ०.१५ ते ०.२५ मिमी, एक्झॉस्टला त्याहून थोडा जास्त, असा अनेक गाड्यांत असतो, पण पुस्तकातल्या आकड्यालाच मान द्या. फिलर गेज (फट मोजायची पट्टी) थंड इंजिनावर लावायचा की गरम, हेही पुस्तक सांगतं, आणि निम्मे घोळ तिथेच होतात. आता यातली उफराटी गोष्ट ऐका: सैल टॅपेट वाजतो, पण फार बिघडवत नाही. घट्ट टॅपेट अजिबात वाजत नाही आणि व्हॉल्व्ह जाळतो, कारण व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही आणि त्याची उष्णता हेडला जात नाही. म्हणून ‘आवाज घालवा’ असा हट्ट धरून कोणी टॅपेट आवळून दिले आणि गाडी एकदम मखमली झाली, तर मला चिंता वाटते. हलकी टिकटिक असलेली बरी.

क्रँक पुलीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तिने माझी लाज काढलेली आहे. धंद्यात पडून चार-पाच वर्षं झाली होती, आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याचं वय. दुसरीकडे टायमिंग बेल्ट बदललेली एक गाडी आली. खालून जड ठोका, क्रँकच्या गतीने, रेस सोडताना जास्त. मी दोन मिनिटं ऐकलं आणि बिग एंड असं जाहीर केलं. चेंबर उतरवलं, म्हणजे खालचं तेलाचं भांडं, बेअरिंग काढली. ती बरी होती. नवीन नव्हती, पण बरी होती. मी मनाची समजूत घातली की झीज डोळ्यांना दिसत नसेल, आणि नवा सेट टाकला. स्टार्ट केली. तोच ठोका. मालक शेजारी उभा. मग इंजिन बंद करून, काही सुचत नव्हतं म्हणून, बाहेरचा बेल्ट काढला आणि क्रँक पुली हाताने हलवली. ती खुटखुटली. बोल्ट पुरेसा आवळलेलाच नव्हता, पुली शाफ्टवर खेळत होती आणि कीवे (पुली जागेवर धरणारी खाच) खायला लागली होती. दोन दिवस आणि बेअरिंगचा एक सेट माझ्या खात्यावर गेला. बेअरिंगवर झिजेची खूण दिसत नव्हती, तेव्हाच थांबायला हवं होतं. मी पुरावा बघितला आणि तरी माझंच म्हणणं खरं धरलं.

तर पुली तपासा. इंजिन बंद, बाहेरचा बेल्ट काढलेला, दोन्ही हातांनी पकडून हलवा. जरासाही खुटका नको. तिच्यात रबराचा थर असतो, बाहेरचं कडं आणि आतला भाग यांवर खडूने एक सरळ रेघ मारा आणि दोन दिवसांनी बघा. रेघ तुटलेली दिसली तर रबर सुटलंय. बेल्ट काढलेलाच आहे तर त्याच फेरीत आणखी एक चाचणी होते. बेल्ट न घालता थंड इंजिन वीस-तीस सेकंद चालवा. आवाज गेला तर तो अल्टरनेटरचा, टेन्शनरचा किंवा पॉवर स्टिअरिंग पंपाचा. वॉटर पंप याच बेल्टवर असेल तर इंजिनात पाणी फिरत नाही, म्हणून अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नको.

टायमिंग बेल्टबद्दल थोडक्यात. सैल असेल तर कव्हरला फटके देतो, घट्ट असेल तर शिट्टीसारखा कण्हतो. दोन्ही आवाज टकटकीपेक्षा वेगळे. पण कव्हर नीट बसलं नसेल तर घासून टकटक येऊ शकते. कव्हर काढून, बेल्टपासून हात आणि कपडे लांब ठेवून, ऐकल्यावर कळतं. बेल्ट एका दाताने चुकला असेल तर आवाजाआधी गाडीची चाल सांगते, पिकअप पडतो, आयडलिंग हलतं. क्रँकच्या स्प्रॉकेटला २० दात असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश. तेवढी चूक लपत नाही.

फेसिंगचाही एक आवाज असतो. हेडचा पृष्ठभाग घासला की कॉम्प्रेशन थोडं वाढतं. त्यामुळे चढावर, वरच्या गिअरमध्ये दाबून रेस दिल्यावर बारीक खडखड येऊ शकते, डब्यात खडे हलवल्यासारखी. ती उभ्या गाडीत येत नाही. तुमचा आवाज उभ्या गाडीत येतोय, म्हणून तो हा नाही.

एवढं करूनही सापडलं नाही, तर सिलिंडर बंद करून बघायची पाळी येते. आयडलिंगवर एकेका इंजेक्टरचा कनेक्टर पाच-दहा सेकंद काढायचा आणि लावायचा. चेक इंजिनचा दिवा लागेल, लागू दे. कॉइल किंवा प्लगची वायर उपटून हे करू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि मोकळी ठिणगी कॉइल घालवते. एखादा सिलिंडर बंद केल्यावर ठोका खूप कमी झाला, तर तो त्या सिलिंडरचा दाब सोसणाऱ्या भागाचा: बिग एंड, गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी पिन) किंवा पिस्टन. काहीच फरक पडला नाही तर टॅपेट, पुली, बेल्टच्या बाजूचे भाग. पण एक्झॉस्टची गळतीही सिलिंडर बंद केल्यावर मवाळ होते, आणि इथेच लोक गडबडतात, गळतीला बेअरिंग म्हणून इंजिन खाली उतरवतात. म्हणून ही चाचणी सायलेन्सर दाबून बघण्याच्या नंतर करायची, आधी नाही.

या चाचणीने बोट खालच्या बाजूकडेच दाखवलं तरी चेंबर उघडण्याआधी दोन गोष्टी करून घ्या. ऑइल प्रेशर स्विच काढून तिथे मीटर लावा आणि इंजिन पूर्ण तापल्यावर वाचा. दर हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय, म्हणजे ०.७ बार, हा जुना ठोकताळा आहे. तुमच्या इंजिनाचा आकडा वेगळा असू शकतो. आणि जुना फिल्टर कापून त्याचा कागद उलगडा. चकाकणारे कण दिसले तर चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटले तर लोखंडाचे. न चिकटणारे, चंदेरी किंवा तांब्याच्या रंगाचे पातळ पापुद्रे असले तर बेअरिंगने हाक दिली. तेव्हा मात्र क्षणभरही चालवू नका. बेअरिंग लवकर बदललं तर क्रँक वाचतो.

ऐकण्याबद्दल एक. लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावून ऐकायची सवय चांगली आहे, पण धातू आवाज वाहून नेतो. जिथे सगळ्यात मोठा ऐकू येतो तिथेच बिघाड आहे, असं नसतं. गळती शोधायला स्क्रू ड्रायव्हर बिनकामाचा, तिथे रबराची मीटरभर नळी कानाला लावा आणि दुसरं टोक सांध्यावरून फिरवा.

आता तुमचा मेकॅनिक. तो लबाड आहे असं मी म्हणणार नाही. तुम्ही गाडी चालवत त्याच्याकडे नेता. पोचेपर्यंत ती तापलेली असते आणि टकटक गेलेली असते. तो बॉनेट उघडतो, कान देतो, त्याला इंजेक्टरची नेहमीची टिकटिक ऐकू येते, आणि तो म्हणतो जुनं इंजिन आहे. त्याने तुमचा आवाज ऐकलेलाच नाही. ‘जुनं आहे’ हे तरीही उत्तर नव्हे, कारण इंजिन आदल्या आठवड्यातही तेवढंच जुनं होतं. म्हणून गाडी संध्याकाळी त्याच्याकडे ठेवून या. सांगा, सकाळी मी आल्याशिवाय स्टार्ट करू नका. सकाळी दोघं मिळून पहिला स्टार्ट ऐका, आणि त्याच वेळी सायलेन्सर दाबून बघा. ‘बेअरिंग गेलंय का’ असं विचारू नका, तो लगेच बचावात जातो. ‘मॅनिफोल्डचं गॅस्केट नवं टाकलं होतं का, एखादा स्टड तुटला होता का’ एवढंच विचारा. नंतर प्लग, नंतर पुली, नंतर टॅपेट.

त्याआधी घरीच एक करून ठेवा. उद्या सकाळी थंड गाडी स्टार्ट करण्याआधी फोनचं रेकॉर्डिंग चालू करा, फोन मॅनिफोल्डच्या बाजूला धरा, हलवू नका, आणि एक मिनिट तसाच ठेवा. मग तेवढ्याच अंतरावरून ऑइल भरायच्या झाकणाजवळ आणि पुलीच्या बाजूला. फोन मोठा आवाज आपोआप लहान करतो, त्यामुळे किती जोराचा हे त्यातून कळणार नाही, पण सेकंदाला किती वेळा हे कळेल. टॅपेट कुठल्या जातीचे आहेत, कामानंतर कुठलं तेल भरलं आणि आवाज सेकंदाला सहा-सात वेळा येतो की तेरा वेळा, एवढं मला कळवा. त्यावर पुढचं बोलू.